थांबा म्हणाले, नको म्हणाले नाहीत

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका छत्तीस वर्षांच्या, नागपूरच्याच, एका खासगी शाळेत गणित शिकवतात. घर मराठी, हिंदू. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर त्या पहिल्यांदा चर्चमध्ये गेल्या. मैत्रीण सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे प्रॉटेस्टंट चर्च), पण यांचं मन रमलं ते कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत. आता कॅथलिक व्हायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आहे. येत्या नाताळात बाप्तिस्मा द्या, असं त्यांनी फादरांना सांगितलं. फादर म्हणाले, "घाई नको, येत राहा. २०२७ च्या ईस्टरच्या आधी नाहीच, कदाचित २०२८ उजाडेल." हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मधल्या काळात ओळखीतल्या एका प्रार्थनागटाने "पुढच्या रविवारी या, पाण्यात उतरवतो" असं सांगितलं आहे. चर्चला जाणं नवऱ्याला ठाऊक आहे, बाप्तिस्म्याचा विचार ठाऊक नाही. सासूबाईंना काहीच ठाऊक नाही. त्या विचारतात: मी त्यांना नकोशी आहे का? तिकडे बाप्तिस्मा घेऊन मग इकडे आले तर चालेल का? घरी आत्ता सांगू की सगळं उरकल्यावर? नाव, मंगळसूत्र, कुंकू, घरच्या महालक्ष्म्या यांचं काय? एकदा न कळत रांगेत जाऊन कम्युनियन, म्हणजे मिस्सेत देतात ती पवित्र भाकर, घेतलं, ते पाप झालं का? आणि बाप्तिस्म्याआधीच मला काही झालं तर?

ताई,

आधी मनावरचं एक ओझं उतरवू. न कळत कम्युनियन घेतलंत, त्यात पाप नाही. पापाला जाणीव लागते, आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या भेटीत फादरांना एका वाक्यात सांगून टाका. यापुढे रांग लागली की जागेवर बसून राहा. काही चर्चमध्ये हात छातीवर दुमडून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात. तुमच्याकडे तशी पद्धत आहे का, ते विचारून घ्या. कॅथलिक श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आणि ती घेताना तोंडातून निघणारं "आमेन" हे या सगळ्या श्रद्धेला दिलेलं आमेन असतं. ते तुम्ही समजून-उमजून म्हणावं, यासाठीच पुढचं सगळं आहे.

आता फादरांच्या "थांबा"कडे येऊ. तुम्ही त्याचा अर्थ "नको" असा लावलात. पण त्या क्षणी "हो" म्हणणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतंच. चर्चची १९८३ ची कायदासंहिता, जिला कॅनन लॉ म्हणतात, तिच्यात सांगितलंय की चौदा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याचा विषय बिशपांकडे न्यायचा (कलम ८६३). पुढे कलम ८६५ प्रौढाकडून काय हवं ते सांगतं: बाप्तिस्मा घेण्याची इच्छा त्याने स्वतः व्यक्त केलेली असावी, श्रद्धेची आणि ख्रिस्ती कर्तव्यांची पुरेशी शिकवण झालेली असावी, दीक्षार्थी (बाप्तिस्म्याची तयारी करणारी व्यक्ती) म्हणून ख्रिस्ती जगण्याची पारख झालेली असावी, आणि आपल्या पापांबद्दल खेद असावा. इच्छा तुमच्याकडे आहे. शिकवण दोन वर्षांच्या रविवारांतून थोडीफार झाली असेल. पारख मात्र सुरूच झालेली नाही, कारण आजवर तुम्ही शेवटच्या बाकावर एकट्या बसून आलात. नाताळात पाणी डोक्यावर पडलं असतं, पण तुमच्या शेजारी उभं राहणारं तिथे कोण होतं?

ही वाट जुनी आहे. तिसऱ्या शतकात काही ठिकाणी तीन-तीन वर्षं शिकत, ऐकत थांबावं लागे. पुढे ती पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला. फादर तुम्हाला ज्या वाटेवर ठेवू पाहतायत ती हीच, आणि ती संपते ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या बाप्तिस्म्याने. तिला पक्की मुदत नाही. एक वर्ष सर्रास लागतं, कुणाला दोन लागतात.

नागपुरात दीक्षा हा शब्द उच्चारला की १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. तो एक दिवस आपण सगळे जाणतो. पण "हिंदू म्हणून मरणार नाही" ही येवल्याची घोषणा १९३५ ची. मधली एकवीस वर्षं बाबासाहेबांनी वाचन, चर्चा, तुलना यांत घालवली. दीक्षाभूमीवरचा दिवस इतका ठाम उभा आहे तो त्या वर्षांच्या पायावर. धर्म वेगळा, कारणं वेगळी, आणि ही बरोबरी मला पुढे ताणायची नाही. इतकंच, की ज्या गावाला निर्णय पिकू देण्याची किंमत ठाऊक आहे, त्या गावात "वर्षभर थांब" हे अपमानाचं वाक्य ठरू नये.

आता या वर्षात काय होतं ते सांगते, म्हणजे थांबणं रिकामं वाटणार नाही.

पहिला टप्पा निव्वळ विचारपुशीचा. तुम्ही आत्ता तिथे आहात. प्रश्न विचारायचे, शुभवर्तमान (येशूचं जीवन सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं) वाचायचं, फादर, सिस्टर किंवा कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) यांच्याशी बोलायचं. कुठलंही बंधन नाही, कुठल्याही वहीत नाव नाही. बायबल विकत घेताना एक बघा: कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६. मैत्रिणीने दिलेलं बहुधा दुसरं असेल. वाचायला काही हरकत नाही, पण वर्गात एखादा उतारा सापडला नाही की गोंधळ होतो. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. ते चारांत सगळ्यात लहान, सोळा अध्यायांचं आहे.

दुसरा टप्पा दीक्षार्थी म्हणून स्वीकाराचा. तो मिस्सेच्या सुरुवातीला होतो. नाव विचारतात. मग "देवाच्या चर्चकडे काय मागता?" असं विचारतात. विधीतलं उत्तर एका शब्दाचं आहे: श्रद्धा. "श्रद्धा तुम्हाला काय देते?" "शाश्वत जीवन." स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं तरी चालतं. मग कपाळावर क्रुसाची खूण करतात, आणि पूर्ण विधी केला तर कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, हात, पाय यांवरही. याला फार जण निव्वळ औपचारिकता समजतात, पण या दिवसापासून तुमचं चर्चशी अधिकृत नातं जुळतं. कॅनन लॉ दीक्षार्थ्यांना चर्चच्या जवळचे, खास नात्यातले मानतो. म्हणूनच तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दीक्षार्थी असताना कुणाचा मृत्यू झाला तर त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती म्हणून होऊ शकतो (कलम ११८३), आणि बाप्तिस्म्याची मनापासूनची ओढ असलेला माणूस देवापासून तुटत नाही, अशी चर्चची शिकवण आहे. मरण समोर दिसत असेल तर बाप्तिस्मा लगेच देता येतो. अगदीच अडचण असेल तर कुणीही देऊ शकतं: पाणी आणि नेमके शब्द, आणि चर्च जे करते ते करण्याचा हेतू. तेव्हा भीतीपोटी घाई करण्याचं कारण उरत नाही.

यानंतरचे महिने शिकवणीचे. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक बैठक, तास-दीड तासाची. विषयांचे चार भाग पडतात: कशावर श्रद्धा ठेवतो, संस्कार कोणते, जगायचं कसं, प्रार्थना कशी करायची. मिस्सेत दीक्षार्थी प्रवचनापर्यंत थांबतात, आणि जिथे पद्धत पाळली जाते तिथे मग त्यांना आशीर्वाद देऊन बाहेर पाठवतात. ते बाहेर जाऊन त्याच दिवसाच्या वाचनावर बोलत बसतात. पहिल्या दिवशी हे टोचतं. हळूहळू कळतं, की सगळ्यात मोकळे प्रश्न त्याच अर्ध्या तासात विचारले जातात. बैठका हिंदीत किंवा इंग्रजीत असतील तर मराठी प्रार्थना मागून घ्या. पाठांतर कुठल्याही भाषेत होईल, पण रात्री अंथरुणावर पडून देवाशी बोलणं आपल्याच भाषेत होतं.

मग येतो निवडीचा विधी, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या साधारण सहा आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी. २०२७ मध्ये तो १४ फेब्रुवारीला येतो. हा बिशपांसमोर होतो, शक्यतो कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये. नागपूरपुरतं म्हणजे मोहननगरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल. सदर भागातच ऑल सेंट्स हेही कॅथेड्रल आहे, पण ते सीएनआयचं. रिक्षावाल्याला नुसतं "कॅथेड्रल" सांगू नका. या विधीत बिशप तुमच्या धर्ममातेला, म्हणजे बाप्तिस्म्याला तुमच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाईला, विचारतात, की हिने मनापासून ऐकलं का, त्याप्रमाणे चालायला लागली का. मग नावं वहीत लिहिली जातात.

इथून सहा आठवडे दाट असतात, आणि तुमच्यासारख्या शिक्षिकांची गाडी नेमकी इथेच अडते. फेब्रुवारी-मार्च म्हणजे वार्षिक परीक्षा, पर्यवेक्षण, घरी पेपरांचे गठ्ठे. आणि त्याच काळात उपवासकाळाचे तिसरा, चौथा, पाचवा हे तीन रविवार, २०२७ मध्ये २८ फेब्रुवारी, ७ मार्च, १४ मार्च, आत्मपरीक्षणाच्या विधींचे असतात. त्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातली तीन मोठी वाचनं होतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, मरणातून उठवलेला लाजरस. दीक्षार्थी असतील तर वर्ष कुठलंही असो, हीच वाचनं घेता येतात. तहान, आंधळेपण, मरण, असा तो क्रम आहे. तीनही रविवार मोकळे ठेवा. शाळेत आत्ताच सांगून ठेवलंत तर बदली व्यवस्था होते, जानेवारीत सांगितलं तर होत नाही. आणि त्या वर्षी शाळेमुळे जमणारच नसेल तर फादरांना स्पष्ट सांगून २०२८ धरा. २०२८ चा ईस्टर १६ एप्रिलला आहे. त्यामुळे उपवासकाळ मार्च-एप्रिलमध्ये सरकतो, तुमच्या परीक्षांशी कदाचित थोडा कमी भिडेल. फादर "कदाचित २०२८" म्हणाले त्यामागे एवढंच साधं कारणही असू शकतं. विचारा त्यांना.

प्रार्थनागटाबद्दल. त्यांच्या मनात खोट असेल असं मी म्हणत नाही. पण "तिकडे घेऊन मग इकडे येईन" हा रस्ता आखूड दिसतो, प्रत्यक्षात लांब पडतो. पाण्याने आणि "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने" हे शब्द म्हणून बाप्तिस्मा झाला असेल तर कॅथलिक चर्च तो मानते आणि पुन्हा देत नाही. म्हणजे ज्या ईस्टरच्या रात्रीची तुम्हाला ओढ आहे, त्या रात्रीचं पाणी तुमच्या वाट्याला कधीच येणार नाही. उलट काही गट "येशूच्या नावाने" एवढंच म्हणतात. तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरत नाही. शब्दांबाबत चर्च किती काटेकोर आहे, याचं एक उदाहरण: २०२० मध्ये रोमने स्पष्ट केलं, की "मी तुला बाप्तिस्मा देतो" याऐवजी "आम्ही देतो" असं म्हटलं असेल तर तोही बाप्तिस्मा झालेला नाही. मग चौकशी सुरू होते: कुणी दिला, काय म्हटलं, साक्षीदार कोण, लेखी दाखला आहे का. छोट्या गटांकडे दाखला बहुधा नसतो. शंका उरलीच तर "सशर्त", म्हणजे "आधी झाला नसेल तर" अशी अट घालून, बाप्तिस्मा द्यावा लागतो. या सगळ्यात वर्ष जातंच. सीएनआयसारख्या चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्मा झालेल्या वाचकांसाठी मात्र वाट वेगळी आणि सोपी आहे. दाखला द्यायचा, शिकवण घ्यायची, पापनिवेदन करायचं, श्रद्धा जाहीर करायची, दृढीकरण (कपाळावर तेल लावून श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि कम्युनियन घ्यायचं. त्यांना ईस्टरपर्यंत थांबायचीही गरज नसते.

आता ज्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तो घराचा.

तुम्ही लिहिता, "सगळं झाल्यावर सांगितलं तर कुणी अडवू शकणार नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. नाताळाची घाई आणि हे वाक्य यांचं मूळ एकच दिसतं: कुणी विचारण्याआधी, कुणी रडण्याआधी, स्वतःच्या मनात शंका येण्याआधी पलीकडे पोचायचं. पण ज्या निर्णयाला एक प्रश्न सोसत नाही तो निर्णय अजून तयार नाही. तुमचा निर्णय तसा कच्चा आहे असं मला तुमच्या पत्रातून वाटत नाही. त्याला उजेड लागलेला नाही, इतकंच. मिळालेलं वर्ष त्यासाठी वापरा.

नवऱ्याला या महिन्यात सांगा. सांगताना "मी ठरवलंय" आणि "मला विचारायचंय" यांपैकी जे खरं आहे तेच म्हणा. ठरवलेलं असताना परवानगी मागायचं नाटक केलंत तर त्यांचा "नाही" हा विश्वासघाताचा मुद्दा होऊन बसेल. त्यांचे प्रश्न व्यवहारी असतील. मुलीचं काय, लग्नाचं काय, आईला कोण सांगणार, शेजारी काय म्हणतील. उत्तरं तयार ठेवा.

लग्नाचं उत्तर दिलासा देणारं आहे. दोन बाप्तिस्मा न झालेल्या माणसांचं रीतसर झालेलं लग्न चर्च खरं लग्न मानते. तुमच्या बाप्तिस्म्यानंतरही ते तसंच टिकतं. पुन्हा चर्चमध्ये लग्न लावावं लागत नाही, नवऱ्याने धर्म बदलण्याची अट नसते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो, की विश्वास न ठेवणारा नवरा सोबत राहायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. अडचण येते ती दोघांपैकी कुणाचं आधी एखादं लग्न झालेलं असेल तेव्हा. मग घटस्फोट झालेला असला तरी चर्चला ते वेगळं तपासावं लागतं आणि वेळ लागतो. उपवासकाळात अचानक गाडी थांबते ती बऱ्याचदा या कारणाने. कुणाच्या बाबतीत असं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका.

मुलीला यात ओढू नका. सात वर्षांवरच्या मुलांना चर्च स्वतःच्या समजुतीने येणाऱ्यांत धरते, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीलाही तिच्या वयाला साजेशी हीच वाट चालावी लागेल, आणि तिच्या बाबांच्या संमतीशिवाय कुठलाही शहाणा फादर तिला घेणार नाही. ती तुमच्याबरोबर येते, गाणी म्हणते, तेवढं पुरे.

देशाच्या कायद्याचीही बाजू आहे, आणि ती दडवून ठेवणं बरोबर नाही. संविधानाचं २५ वं कलम तुम्हाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या १३ व्या कलमानुसार एका जोडीदाराने धर्म बदलला तर दुसऱ्याला घटस्फोट मागायला ते कारण पुरतं. १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं सहावं कलम म्हणतं, की हिंदू न राहिलेल्या व्यक्तीला हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून हक्क सांगता येत नाही. गुण्यागोविंदाच्या संसारात ही कलमं कपाटात पडून राहतात. भांडण झालं तर बाहेर येतात. नवऱ्यापासून लपवून बाप्तिस्मा घेणं म्हणजे ती स्वतःहून बाहेर काढणं.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण नागपुरातल्या अनेक वाचकांसाठी सांगायलाच हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. बाप्तिस्मा घ्यायचा, चर्चला जायचं आणि नोकरीसाठी जुना दाखला वापरायचा, याला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संविधानाशी केलेली फसवणूक म्हटलं आहे. अनुसूचित जमातींचा दर्जा धर्मावर ठरत नाही. ज्यांच्या घरची नोकरी किंवा मुलांचं शिक्षण या दाखल्यावर उभं आहे, त्यांनी हे फादरांशी आणि वकिलाशी उघड बोलून मग ठरवावं. वर्षभराची मुदत इथेही उपयोगी पडते. धर्मांतराच्या नोंदीचे आणि पूर्वसूचनेचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात ६० दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडे माहेर असणाऱ्यांनी आणि तिथे विधी करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपल्याकडे त्या वेळी कोणता नियम लागू आहे, ते नोव्हेंबरातच वकिलाला विचारून ठेवा, फेब्रुवारीत नको. फादर बहुधा स्वतःच्या अक्षरातला अर्ज मागतील, आणि स्वेच्छेने येत असल्याचं प्रतिज्ञापत्रही मागू शकतात. ते तुमचं आणि त्यांचं, दोघांचं रक्षण करतं. विधीसाठी पैसे लागत नाहीत. कुणी नोकरी, शाळाप्रवेश, रोख रकमेचं आमिष दाखवलं तर तिथून उठून या. असं आमिष चर्चच्या स्वतःच्या नियमांतही निषिद्ध आहे, जबरदस्तीइतकंच.

बाप्तिस्म्याचा दाखला ही चर्चची नोंद असते. आधार, पॅन त्याने बदलत नाहीत. नाव बदलायची सक्ती नाही. एखाद्या संताचं नाव जोडून घेतात, तेही चर्चच्या वहीत राहू शकतं. कागदोपत्री नाव बदलायचंच असेल तर राजपत्राची प्रक्रिया वेगळी, आणि मग शाळेच्या सेवापुस्तकापासून बँकेपर्यंत सगळं बदलत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर आईबापांनी ठेवलेलं नाव घेऊनच पाण्यापाशी जा.

मंगळसूत्र तुमच्या लग्नाचं आहे, लग्न टिकतंय, तेही राहू द्या. कुंकवाला चर्चची मनाई नाही. भारतातल्या मिस्सेत चपला बाहेर काढणं, जोडल्या हातांनी नमस्कार, आरती यांना १९६९ पासून रीतसर मुभा आहे. तेव्हा मराठीपण दाराबाहेर ठेवून या असं तुम्हाला कुणी म्हणणार नाही.

महालक्ष्म्यांचा प्रश्न खरा अवघड आहे आणि मी तो सोपा करून दाखवणार नाही. बाप्तिस्म्यात तुम्ही एकाच देवाची उपासना करण्याचा शब्द देता. त्यामुळे पूजा, आवाहन, नैवेद्य दाखवणं हे तुम्ही करू शकणार नाही. पण सोळा भाज्या चिरणं, पुरण वाटणं, अंबील ढवळणं, सवाष्णींना वाढणं, सासूबाईंना तीन दिवस जरा पाठ टेकायला सवड मिळेल असं बघणं, ही पूजा नव्हे. ती घरातली माया आहे. नैवेद्याचं जेवण जेवावं का, यावर पौलानेच त्याच पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायांत लिहिलंय, आणि तिथेही उत्तर "सदसद्विवेक आणि समोरच्याचं मन पाहून" असंच आहे. फादरांसमोर हा विषय नावानिशी काढा. "घरचे सण" असं मोघम म्हणू नका, महालक्ष्म्या म्हणा. आणि सासूबाईंना सांगताना पहिलं वाक्य हे असू द्या, की महालक्ष्म्यांचा स्वयंपाक दरवर्षीसारखा मीच करणार आहे. त्यांची भीती धर्मशास्त्राची नसेल. माझ्यामागे हे घर कोण सांभाळणार, ही असेल. त्यांना नवऱ्यानंतर सांगा, सणाच्या धामधुमीत सांगू नका, आणि फोटोवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कळू देऊ नका. घरं फुटतात ती बातमीपेक्षा ती दुसऱ्याकडून कळल्यामुळे.

धर्ममाता कोण, हे आत्तापासून बघा. तुमच्या मनात मैत्रीण असणार, पण कॅनन लॉनुसार ती बाप्तिस्म्याची साक्षीदार म्हणूनच उभी राहू शकते, तीही एखाद्या कॅथलिक धर्ममातेच्या किंवा धर्मपित्याच्या जोडीने. धर्ममाता सोळा पूर्ण, दृढीकरण झालेली, नीट श्रद्धेने जगणारी कॅथलिक हवी. फादरांनी शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी शोधून उभं केलं, तर ईस्टरनंतर ती बाई रस्त्यात ओळखही देत नाही. तुमच्याच रविवारच्या मिस्सेला येणारी, शक्यतो मराठी बोलणारी, जिच्याकडे मंगळवारी संध्याकाळी उगीच चहाला जाता येईल अशी कुणी शोधा. हे नातं नीट जुळलं तर अर्धं काम झालं. नव्याने आलेले लोक पहिल्या वर्षातच गळतात ते बहुधा श्रद्धा आटल्याने नव्हे, रविवारी शेजारी बसायला कुणी नसल्याने.

आणि ती रात्र. २७ मार्च २०२७ चा शनिवार, अंधार पडल्यावर. बाहेर नवा अग्नी पेटवतात, मोठी मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात. बायबलच्या जुन्या करारातली सात वाचनं आहेत, कमी करता येतात, पण समुद्र दुभंगल्याचं वाचन गाळता येत नाही. दोन-तीन तास सहज लागतात. मार्चअखेरचं नागपूर, गर्दी, मेणबत्त्या, आणि त्या दिवशी अनेक जण उपवास करतात. संध्याकाळी पाणी पुरेसं प्या. डोक्यावर तीनदा पाणी ओततात, म्हणून केस सुटे किंवा सैल बांधा, टॉवेल धर्ममातेकडे द्या. दृढीकरणाचं सुगंधी तेल कपाळावर लावतात, ते ओघळून रेशमावर पडलं तर डाग निघत नाही. सुती नेसा. त्याच रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन, तिन्ही. आधी पापनिवेदन करावं लागत नाही, कारण बाप्तिस्म्यानेच मागचं सगळं धुतलं जातं. पहिलं पापनिवेदन नंतर.

बाप्तिस्म्यानंतर पांढरं वस्त्र देतात. आपल्या घरांत पांढरं लुगडं पाहून सासूबाईंच्या काळजात काय होईल हे मी सांगायला नको. विधीतच मुभा आहे, की स्थानिक रीतीला धरून दुसरा रंग चालतो. काठाची मोतिया साडी नेसून वर पांढरी शाल घेतली तरी होतं. फादरांना हे आधी सांगा. त्यांना ही अडचण कळेल.

पण हे सगळं पुढचं. आत्ता एवढं करा: प्रार्थनागटाला "या रविवारी येत नाही" असा निरोप द्या. घरी बोलून झालं की फादरांकडे वेळ मागा, मिस्सेनंतरच्या गर्दीत नको, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. नवरा यायला तयार असेल तर त्यालाही न्या, आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.